टोकं न दिसणाऱ्या चोवीस भेगा

मधुकर तेली मुलुंडचे. वडील गिरणीत होते. मधुकर एका खासगी भूशास्त्र कंपनीत एकतीस वर्षं खडकातल्या भेगा मोजत होते. निवृत्तीला आठ महिने उरले होते.

दिंडोशीत एका चाळीमागची दरड तपासायची होती. माती-झुडपं काढून दोन मीटर उंचीचा पट्टा उघडा केला होता. मधुकरांनी त्यातल्या त्रेसष्ट भेगा टेप लावून मोजल्या. खाली राहणाऱ्या शांताबाईंनी विचारलं, "भावजी, डोंगर खाली येतलो काय?"

"नाय गे, काय नाय होवचा," ते त्यांच्याच बोलीत सहज बोलून गेले.

अहवाल गेला. भेगांची सरासरी लांबी सव्वा मीटर, म्हणून खडक धरून ठेवायला दोन मीटरचे लोखंडी बोल्ट पुरतील. आठवड्याने कच्ची वही कपाटात ठेवताना मधुकरांचा हात थांबला. चोवीस भेगांपुढे त्यांनीच फुली मारली होती. दोन्ही टोकं दिसत नाहीत, वर मातीत आणि खाली मातीत गेलेली. पक्का तक्ता करताना फुल्यांचा रकानाच राहिला होता. दिसली तेवढी, दोन मीटर, हीच लांबी धरली गेली होती.

बोलावं, तर शेवटच्या वर्षी नाचक्की. त्यात पावसाळा तीन आठवड्यांवर. दोन दिवस ते वही पिशवीतून नेत-आणत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती इंजिनीअर केयूरच्या टेबलावर ठेवली.

"चूक माझी आहे."

केयूरने पानं उलटली. "काका, बारा भेगाच पूर्ण दिसतात आणि चोवीसांचं एकही टोक दिसत नाही? मग हिशेबच वेगळा." त्याने नवं गणित मांडलं. सरासरी तीन मीटरच्या आसपास आली. "वाट लागली. दोन मीटरचे बोल्ट सुट्या दगडातच अडकतील, मागच्या घट्ट खडकापर्यंत पोचणारच नाहीत."

अहवाल मागे घेतला. साहेब चिडले, पण आणखी माती काढायला परवानगी दिली. एक भेग सात मीटर निघाली. अकरा कुटुंबांना पालिकेच्या शाळेत हलवलं.

भांडी बांधताना शांताबाई म्हणाल्या, "तुमीच सांगितलात ना, काय नाय होवचा?"

"पुरतं न बघता बोललो. चुकलो."

त्यांनी गाठ आवळली. मधुकरांनी गाठोडं उचललं आणि शाळेपर्यंत त्यांच्या मागून चालत गेले.

जुलैत दरडीच्या एका कोपऱ्यातून दोन मोठे दगड सुटून रिकाम्या खोल्यांवर पडले. कुणाला लागलं नाही. दिवाळीनंतर लांब बोल्ट बसले.