दिवाणजींचे जहागीरदार

जहागीरदार आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचे आणि भाडं देताना इनाम दिल्यासारखा चेहरा करायचे. निजामाच्या काळातली जहागीर कधीच गेली होती. उरलीसुरली जमीन धाकट्या भावानं, तात्यांनी, दाबली होती. पण मिजास बघा! नळावर बादली घेऊन आले की बाया आपोआप बाजूला सरायच्या. मी घरमालकीण, मी नाही सरले कधी.

खटला एकाच गोष्टीवर अडलेला: थोरला कोण? जहागीरदार वयानं मोठे, पण वडिलांच्या दुसऱ्या बायकोचे. तात्या लहान, पण पहिलीचे. लग्नाचं विचारलं की जहागीरदार म्हणायचे, निकाल लागू द्या, मग बघू. निकाल काही लागला नाही, आणि ह्यांचं लग्नही नाही.

खरं तर जमिनीवर त्यांचा जीव नव्हताच. जीव होता पोळ्यावर. चिकलठाण्याच्या पलीकडं त्यांचं गाव. तिथं वेशीच्या तोरणाखालून पहिला बैल जातो तो थोरल्या घरचा. तात्या गावातच, त्यांचे बैल दांडगे. दर पोळ्याला तेच पुढं घुसायचे आणि जहागीरदारांचा एकुलता एक म्हातारा बैल मागं. मरायच्या आधी एकदा तरी पुढून जायचं, एवढंच त्यांचं मागणं. हा बैल आमच्या परसात बांधलेला असायचा. नाव दिवाणजी, कारण जहागिरीत चाकर म्हणून तेवढाच उरला होता.

मग दुष्काळ पडला. टँकर आला की पहिली बादली दिवाणजींना. मी एकदा वैतागून म्हटलं, विका तो बैल. तर म्हणाले, "सूनबाई, दिवाण विकणारा जहागीरदार पाहिलाय का कुठं?" त्याच आठवड्यात दिवाणजींनी माझी वाळत घातलेली हिरवी साडी पदरापासून खायला घेतली. उपाशी होता बिचारा, हे आता म्हणते. तेव्हा मी दोघांनाही शिव्या घातल्या.

शहर वाढत वाढत त्यांच्या गावाला जाऊन भिडलं. तात्यांनी बैल विकले, जमीन बिल्डरला दिली, खटला चालू असताना ते कसं जमवलं ते त्यांचं त्यांना ठाऊक, आणि तिथल्याच फ्लॅटमध्ये राहायला गेले. चाऱ्यावाचून गावातले बाकीचे बैलही बाजारात गेले. त्या पोळ्याला वेशीत बैल एकच, दिवाणजी. जहागीरदार जुन्या शेरवानीत. वाजंत्री सुरू झाली. आम्ही म्हटलं, चला, आता कोण अडवतंय? पण ते हलेनात.

"मागं कुणीच नाय," ते म्हणाले, "मग पुढं जायचं कशाचं? तात्याला बोलवा."

माझे यजमान फ्लॅटवर गेले. तात्या आले ते पूजेला मांडलेला मातीचा बैल हातात घेऊन. दिवाणजींच्या मागं जाऊन उभे राहिले. जहागीरदारांनी त्या मातीच्या बैलालाही गुलाल लावला आणि निघाले. ज्याच्यासाठी जन्मभर भांडले, ते तोरण दिवाणजींनी जाता जाता अर्धं खाऊन टाकलं. दोघं भाऊ पोट धरून हसले. मला मेलीला रडू आलं.

हिवाळ्यात जहागीरदार गेले. मूल ना बाळ, अग्नी द्यायला तात्याच. मडकं धरणारा तिरडीच्या पुढं चालतो. तात्या सारखे थांबायचे, मागं वळून बघायचे. लोक म्हणत होते, चला तात्या, पुढं व्हा. त्यांचं पाऊलच उचलेना.