हळदीच्या खोलीला निळा रंग

निळा रंग मी निवडला, कारण मला निळा आवडतो. हे आधीच लिहून ठेवते. त्या दोन महिन्यांत एवढं साधं उत्तर कोणीही माझ्याकडून घेतलं नाही.

नवऱ्याची बदली वसमतला झाली तेव्हा मला पाचवा महिना लागला होता. भाड्याचं घर शोधताना तो बोलायचा आणि मी गप्प बसायची. तसं काही ठरलेलं नव्हतं, मी अनोळखी माणसांसमोर गप्पच असते. घरमालकीण काकूंनी चहा दिला, गाव विचारलं, नोकरी विचारली, कितवा महिना ते विचारलं. मग कपबश्या उचलता उचलता म्हणाल्या, "तुमी कोण म्हणायचे?"

"हिंगोलीचे," नवरा म्हणाला.

आमचं आडनाव गावावरून पडलेलं आहे, त्यावरून काही कळत नाही. काकूंनी माझ्याकडे मोर्चा वळवला. मी काय करते? इंग्लिश मीडियमच्या शाळेत शिकवत होते, आता सोडलं, असं मी सांगितलं.

"वाटलंच मला. चांगल्या घरचे दिसून राहिले तुमी." त्यांनी किल्ली दिली.

मला तेव्हा राग यायला हवा होता. मला बरं वाटलं. मी ज्या इंग्रजी शाळेत शिकले तिथे नववीत शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना बाईंनी वर्गात नावं मोठ्याने वाचली. माझ्या शेजारची मुलगी वळून म्हणाली, "तू? वाटत नाहीस अजिबात." पुढे कितीतरी वर्षं मी ते वाक्य बक्षिसासारखं जपलं. उच्चार नीट ठेवले, डबा नीट ठेवला, घरी कोणाला बोलावलं नाही.

वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या आणि तिसरी अगदी लहान. वर ओल लागत नाही म्हणून काकू तिच्यात भाव येईपर्यंत हळदीची पोती ठेवायच्या. ती खोली मी बाळासाठी मागितली. नवऱ्याला म्हणाले, आपण नर्सरी करू. तो म्हणाला, "रोपांची? गच्चीवर?" मी इतकी हसले की मला धाप लागली.

पोती गेली, पण खोली पिवळीच राहिली. फरशीच्या फटी, खिडकीचे गज, भिंतीवर माणसाच्या उंचीपर्यंत पोत्यांचे ठसे. कुरुंद्याचा एक पेंटर आला. वयस्क, कानाला मफलर. मी सांगितलं होतं, आधी भिंत धुऊन घ्या. त्याने मान डोलावली आणि सरळ चुन्याचा हात मारला. मी दुपारी जाऊन पाहते तर भिंत लाल. डागडागांची, कुठे गुलाबी, कुठे अगदी कुंकवासारखी.

"मामा, हे काय झालं?"

"ताई, हळदीवर चुना बसला, मंग कुकूच होनार ना." तोच माझ्यावर रागावल्यासारखा बोलला. "खोली हळदीची व्हती हे तुमी सांगितलं न्हाई."

"भिंत पिवळी दिसत नव्हती का?"

"मला वाटलं रंगच पिवळा हाय."

आरडाओरडा ऐकून काकू वर आल्या आणि पोट धरून हसल्या. "अगं माय! लेकरू यायच्या आधीच कुकवाची खोली! लई शुभ हाय हे. राहू द्या अशीच." मग माझ्या गालावरून हात फिरवून त्यांनी बोटं कानशिलावर मोडली. त्या मला आवडायच्या, हेही लिहिलं पाहिजे. रोज एक वाटी वर यायची. कधी शेंगदाण्याचा झुणका, कधी भरडा, कधी नुसतं ताकातलं पिठलं. सातव्या महिन्यात माझी ओटी त्याच भरणार होत्या, खाली, गल्लीतल्या बायका बोलावून. साडीचा रंगही त्यांनी मला विचारून ठेवला होता.

तो लाल रंग फिकट रंगाखाली दबेना. पेंटरने घासलं, पुट्टी भरली, प्रायमर मारला आणि म्हणाला, गडद काहीतरी घ्या. मी निळा घेतला.

काकूंनी दारातूनच टाळी वाजवली. "म्हंजे पोरगंच! निळा घेतला ना!"

"तसं काही नाही काकू. मला आवडतो."

"कळतं मला, कळतं," असं म्हणून त्यांनी डोळा मारला.

मी खिडकीला पांढरा पडदा शिवला. झोळीसाठी छताला कडी होतीच. कापडाचे पाच मासे करून दोऱ्याला टांगले, त्यांतला एक सारखा उलटा व्हायचा. मला हे सगळं करताना जो आनंद झाला तो मी कोणाला सांगितला नाही. सांगितला की लोक त्याला हात लावतात.

ओटीसाठी आई पुसेगावहून येणार होती, आणि मग बाळंतपणापर्यंत माझ्याजवळच राहणार होती, त्याच खोलीत. यायच्या आदल्या दिवशी मी तिला फोन केला. गाड्यांच्या वेळा सांगितल्या, पायऱ्या उंच आहेत ते सांगितलं, आणि मग म्हणाले, "आई, इथे काकूंना नमस्कार म्हण."

तिने गाड्यांच्या वेळा पुन्हा एकदा विचारून घेतल्या. मग म्हणाली, "बरं."

ते वाक्य माझ्या तोंडून किती सहज गेलं! मीठ कमी घाल म्हणावं तसं.

दुसऱ्या दिवशी काकू जिन्याखाली उभ्याच होत्या. आई पिशवी सांभाळत आत आली. काकू म्हणाल्या, "या, या विहीणबाई, राम राम."

"जयभीम, ताई," आई म्हणाली.

काकूंच्या चेहऱ्यावर विशेष काही झालं नाही. मी नीट पाहत होते, पाहणं एवढंच मला येतं. त्यांनी आईच्या पिशवीकडे पुढे केलेला हात मागे घेतला आणि पदराला पुसला. हात कोरडा होता. "हं," त्या म्हणाल्या. "या."

त्या दिवशी वाटी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी काकूंच्या जाऊबाई जिन्यात उभ्या राहून सांगून गेल्या, घरात सुतक पडलं, ओटीचं जमणार नाही. कोण गेलं, मी विचारलं. "हाय एक लांबचं," त्या म्हणाल्या. त्या वेळी खालून पुरणाचा वास येत होता. सुतकात पुरण! खोटं बोलायचं तर निदान चूल तरी सांभाळायची. आपल्यासाठी एवढीही मेहनत घ्यावीशी वाटली नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

आईने पिशवीतून दुपटी काढली, झबली काढली, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली बुद्धाची एक छोटी तसबीर काढली. तिने ती निळ्या भिंतीला लावली, आणि नेमक्या त्याच वेळी काकू वर आल्या. आठवड्यात पहिल्यांदा. उंबऱ्याच्या बाहेर थांबल्या. तसबिरीकडे पाहिलं, मग चारही भिंतींकडे वळून वळून पाहिलं, जणू त्या आताच रंगल्या होत्या.

"मला वाटलं पोरासाठी निळा हाय," त्या म्हणाल्या.

आमचा झेंडा निळा असतो. त्यांना त्या क्षणी माझ्या पडद्यामागे, माशांमागे तो झेंडा दिसला. मला तो रंग आवडतो, हे आता कोणाला सांगणार? आणि झेंडा म्हणून लावला असता तरी काय बिघडलं असतं?

काकूंनी आवाज चढवला नाही. गरोदर बाईला मी बाहेर काढणार नाही, त्या म्हणाल्या, बाळंतपण होईपर्यंत राहा. फक्त आईने अंगणातल्या नळावर येऊ नये, पाणी नवऱ्याने भरावं. आणि बारसं इथे करू नये. "तुमची मान्सं येतील, गाणी-बिणी लावतील. गल्लीत आमाला ऱ्हायचं हाय. नंतर भाच्याला खोली लागनारच हाय." जाता जाता माझ्याकडे पाहून त्यांनी मान हलवली. "पन तुमी वाटत न्हाई, काय बी म्हना."

त्या खरंच मला दिलासा देत होत्या. तेच बक्षीस, पुन्हा. या वेळी माझे कान तापले.

संध्याकाळी नवरा आला, सगळं ऐकलं, आणि म्हणाला, "दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. या अवस्थेत सामान हलवायचं? दवाखाना इथून जवळ. पाणी मी भरतो, त्यात काय?"

"त्यात काय?"

"अगं, मला काय राग येत नाही का? पण सोयीचं बघ ना."

"'हिंगोलीचे' म्हणालास तेव्हाही सोयच बघितलीस."

"आणि तू काय बोललीस तेव्हा?"

मी आणखी ओरडले. लग्नानंतर मी पहिल्यांदाच त्याच्यावर ओरडत होते. माझा आवाज मलाच ओळखू येईना. आई लसूण सोलत होती. ती खाली मान घालूनच बोलली.

"माझ्यापायी भांडू नका. चूक माझीच हाय, माय. तू सांगितलं व्हतं. एसटीत बसल्यापासून मी तेच घोकून राहिले व्हते, नमस्कार, नमस्कार. जिन्यात त्या बाईनं हसून या म्हनलं, आन् मला बरं वाटलं. मंग तोंडातून आपलंच निघालं."

साठीला आलेल्या माझ्या आईने दोन एसटी बदलताना तो शब्द पाठ केला होता. मुलीच्या घरी येण्यासाठी. मी तो तिला पाठ करायला लावला होता. काकूंचा राग मला आजही येतो, पण तो मी सरळ घेऊ शकते. हा दुसरा राग घेऊन कुठे जायचं ते मला कळत नाही.

मी खाली गेले. काकू ओसरीवर गहू निवडत होत्या. जिन्यात मी वाक्य जुळवत आले होते, शाळेत जुळवायची तसं, आधी इंग्रजीत. समोर गेल्यावर ते सगळं गेलं.

"काकू, तुम्ही म्हणालात मी वाटत नाही."

"चांगलंच म्हनलं मी."

"चांगलं नाही ते. मी आहे. आई जी आहे तीच मी आहे. माझं बाळ पण तेच असणार. आईला ज्या नळावर पाणी नाही, त्या घरात आम्ही राहणार नाही. या रविवारी जातो."

"असं काहून करता? पोटुशी बाई तुमी, तकलीफ होईल ना." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खरंखुरं. "मी काय जा म्हनलं का?"

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही फक्त कसं राहायचं ते सांगितलं."

मी जिना न थांबता चढले. वर नवरा दाराशी उभा होता. त्याने ऐकलं होतं. तो कपाटावरचे रिकामे खोके खाली काढू लागला.

रविवारपर्यंत आम्ही घरं पाहिली. आता बोलायचं काम मी घेतलं. चहा यायच्या आधीच मी सांगून टाकायची, आम्ही बौद्ध आहोत, माझी आई सोबत राहील, बारसं घरीच करू. अडखळत, पण पूर्ण. पहिल्या घरी भाचा येणार होता. दुसऱ्या घरीही भाचाच. तिसऱ्या घरी पुतण्या होता, तेवढाच फरक. या एका गावात घराची वाट पाहणारे इतके भाचे-पुतणे आहेत हे मला माहीत नव्हतं.

चौथ्या घरी एका बाईने पीठ लागलेल्या हाताने दार उघडलं. मी एका दमात सगळं म्हणून टाकलं. तिने ऐकून घेतलं, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं. पन आधी खोली तर बघा. न्हानी लहान हाय, म्हातारीला जमते का ते बघा."

चांगलं बोलली ती. मी साधं 'बरं' सुद्धा म्हटलं नाही. तीन दारांचा राग तोंडात धरून मी तिच्या मागे आत गेले आणि न्हाणीचं दार किती रुंद आहे ते हाताने मोजू लागले.