एक कमी

आमच्या वाडीत खरा आकडा कुणी सांगत नसे. मेंढरं किती, असं विचारलं की एक कमी सांगायचं. पोरं किती म्हटलं तरी एक कमी. मोजलं की घटतं, नजर लागते, ही समजूत. मेंढरं गेली, शेती आली, दोघं-तिघं बारामतीच्या एमआयडीसीत मोटारसायकलवर कामाला जाऊ लागले. ही खोड मात्र गेली नाही.

नव्वदीनंतरची गोष्ट. मी सातवी पास झाले आणि वाडीतली शाळा संपली. हायस्कूल अंथुर्ण्याला, चालत सव्वा तास, वाटेच्या दोन्ही बाजूंना उंच ऊस. वडिलांनी स्पष्ट सांगितलं, "एसटीची गाडी सुरू झाली तर जा. उसातनं एकटीला न्हाय पाठवायचो." गाडीसाठी वाडीनं अर्ज केलेलाच होता. वरून निरोप आला, घरवार माणसं लिहून पाठवा, मग ठरवू.

ग्रामसेवक वही घेऊन दारोदार फिरले. त्या दिवशी मी विहिरीवर धुणं धूत होते. आमच्या घरची नावं आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी सांगितली.

महिन्याभरानं उत्तर आलं. माणसं थोडक्यासाठी कमी पडतात, गाडी मिळणार नाही.

सगळे देवळापुढं जमले. कुणाचा विश्वास बसेना, तेव्हा ग्रामसेवकांनी यादीच वाचायला घेतली. एकेक घर वाचून होई, तशी त्या घरच्या कारभाऱ्याची मान खाली जाई. प्रत्येक घरातून एक माणूस गळालेलं. आपल्या एकानं काय बिघडतंय, असं जो तो समजला होता. शहाणे सगळे! आमच्या घराची पाळी आली. आबा, आई, वडील, दोन्ही भाऊ, बाळंतपणाला आलेली आत्यासुद्धा. माझं नाव नव्हतं.

"मग आता घाला की समदी," कुणीतरी म्हणालं.

ग्रामसेवक तडकले. "महिन्यात घरटी एक माणूस वाढलं, असं लिहू? खोटी यादी केली म्हणून मलाच धरतील." त्यांचं काही चुकत नव्हतं.

घरी येऊन मी आबांना धारेवर धरलं. "आत्या चालली, आन मी न्हाय? पोरगी म्हून टाकली व्हय मला?"

आबांना ते फार लागलं. घोंगडीचा काठ चिमटीत धरून ते खाली बसले. मग म्हणाले, "तसं न्हाय गं. कळपात ज्याच्यावर जास्त जीव, तेच सांगायचं नसतं. तुझ्यावानी हुशार पोर हाय का वाडीत दुसरी? नजर लागंल म्हून…"

मला त्यांची दया आली नाही. खोटं कशाला बोलू? पोरगी म्हणून वगळली असती तर भांडता तरी आलं असतं. ह्या मायेशी कुठल्या तोंडानं भांडायचं? जूनमध्ये माझ्या वर्गातली मुलं सायकलींवरून अंथुर्ण्याला गेली आणि मी खुरपं घेऊन शेताला गेले.

दोन वर्षांनी वाडीनं पुन्हा अर्ज केला. या खेपेला कुणी कुणाला लपवलं नाही. पाळण्यातली बाळंही यादीत गेली. आबांनी माझं नाव सगळ्यांच्या आधी सांगितलं, ग्रामसेवकांकडून ते वाचून घेतलं आणि मगच बाकीची सांगितली.

गाडी आली. बायांनी चाकावर पाणी घातलं, नारळ फुटला. आबा माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बस की. जा तुझ्या साळंत."

"आता कशाला, आबा?" मी म्हणाले.

आदल्याच आठवड्यात माझी सुपारी फुटली होती. वैशाखात लग्न होतं. वाडीच्या माणसांतून मी आता खरोखरच कमी होणार होते.