अंगणात झोपणारी दानम्मा

दानम्माला मोठं व्हायचंच नव्हतं. त्र्याण्णवच्या भूकंपात औशाकडचं तिचं घर आई-बापासकट बसलं. ही अंगणात निजली होती म्हणून वाचली. नांदेडला मामाकडे आली तरी ती घरात निजायला भ्यायची, अंगणातच झोपायची. लहान होती तोवर कुणी हटकलं नाही. पण मामीनं एकदा सांगून टाकलं, "शहाणी झालीस की आत निजायचं. मोठ्या पोरी उघड्यावर झोपत न्हाईत."

झालं. त्या दिवसापासून पोरीनं वयाशीच भांडण काढलं. अंग भरू नये म्हणून अर्धीच भाकरी खायची. आणि जेव्हा खरंच शहाणी झाली, तेव्हा कापडं परसात लपवून धुवायची, कुणाला कळू द्यायची नाही. दर महिन्याला जीव मुठीत धरायची.

एके दिवशी मामीला कळलंच. मामा महादेवप्पा हा इतवारा बाजारातला धान्यवाला. कपाळाला विभूती, बाहेर साखरेसारखा गोड. त्यानं भाचीला धान्याच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. "भीती अशीच मोडायची असती," म्हणाला. ती दार बडवू लागली तसा त्यानं रेडिओचा आवाज वाढवला. रोज हेच. शेवटी ती गप झाली, आणि मामानं पोर सुधारली म्हणून सगळ्या गल्लीनं कौतुक केलं. सुधारली कसली! लोक लोणचं मुरवतात तसा तिनं राग मुरवला.

लग्न होऊन ती लातूरला आली. पुढं तिथं शिकवणीच्या क्लासचं पेव फुटलं, बाहेरगावच्या पोरांपोरींसाठी घरोघर होस्टेलं निघाली. दानम्मानंही पोरींचं काढलं, पण तिच्या मोठ्या अंगणात पत्र्याखाली खाटांची रांग होती. जिला खोलीत झोप येत नाही तिनं खुशाल बाहेर निजावं. शेजारी हसले. खाटा मात्र कधी रिकाम्या राहिल्या नाहीत.

एका जूनच्या दुपारी महादेवप्पा दारात उभा राहिला. पाठीत वाकलेला, सोबत अकरावीतली नात, नीलांबिका.

"दोन होस्टेलांनी काढून दिलं," तो म्हणाला. "दार लागलं की वरडती. लहानपणापासून भित्रीच हाय. तुझ्याकडं अंगण हाय म्हणं."

याच दिवसासाठी तर दानम्मा जगली होती. तिनं खुर्ची ओढली आणि स्वतःच बसली. त्याला बस म्हटलं नाही.

"जागा हाय. पण आधी या पोरींसमोर सांगा मामा, माझी भीती कशी मोडली ते."

जेवायला बसलेल्या पोरी थांबल्या. महादेवप्पा घुटमळला, नातीकडं पाहिलं, मग बोलला. धान्याची खोली, कडी, रेडिओ, सगळं बोलला. दानम्मा मध्येच टोकायची, "मोठ्यानं बोला, पाठीमागं ऐकू येत न्हाई." त्याचा आवाज कापायला लागला तसं तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

"चुकलं माझं, पोरी," शेवटी तो म्हणाला आणि हात जोडले.

दानम्मा उठणार एवढ्यात नीलांबिका पुढं आली. इतका वेळ ती खाली मान घालून उभी होती.

"आत्या, आता माझं बी सांगायला लावा की," ती म्हणाली. "मार्क कमी पडले की आजोबा मला कोंडायचे. मोठी झालीस, आता भ्यायचं न्हाई म्हणायचे. कोंडून टीव्ही मोठा करायचे."

महादेवप्पानं जोडलेले हात हळूच खाली घेतले.

इतकी वर्षं दानम्मा आपल्या एकटीच्या सुडाची वाट बघत गप्प बसली होती, कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. आणि तिकडं नांदेडात ही पोर दार बडवत होती.

तिनं नीलांबिकेचा दंड धरून तिला खुर्चीत बसवलं आणि स्वतः तिच्याशेजारी उभी राहिली.

"मामा," ती म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून सांगा. आता हिचं, हिला."