मशीनला लावलेलं कुंकू

देवीवर माझी श्रद्धा आहे हे मी चारचौघांत ठासून सांगते. पण नागपूरच्या विमानतळावर बॅग पट्ट्यावर ठेवताना मला पहिली शंका आली ती तिच्याचबद्दल. अंबादेवी आमची अमरावतीची. नवस बोलायचा तिच्याशी आणि भांडायचंही तिच्याशीच. चांदूर, धामणगाव, फार तर अकोल्यापर्यंत तिचं बारीक लक्ष असतं, हा माझा अनुभव. पण समुद्रापलीकडे? टांझानियात तिला कोण ओळखणार? आणि तिथून मी हाक मारली तर तिला ऐकू तरी जाईल का? पन्नाशी उलटल्यावर आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसायला निघालेली, मुलीचे पांढरे बूट घातलेली मी त्या रांगेत उभी होते. भीती होतीच, पण उत्साह तिच्याहून मोठा होता. मागच्या माणसाला मी न विचारताच सांगून टाकलं, "आफ्रिकेले चालली मी. डोळ्याच्या कॅम्पले." तो बिचारा मुंबईला मावशीकडे चालला होता.

हे सगळं सुरू झालं माझ्या धाकट्या भावामुळे. प्रमोद अकोल्याला डोळ्यांचा डॉक्टर आहे, जठारपेठेत त्याचा दवाखाना. दरवर्षी दसऱ्यानंतर तो आपलं छोटंसं पथक घेऊन टांझानियातल्या एका खेड्यात जातो आणि तिथल्या दवाखान्यात चार दिवस मोतीबिंदूची ऑपरेशनं करतो, फुकट. यंदा पथकातल्या एका सिस्टरला ऐनवेळी जमलं नाही. ऑपरेशनआधी पेशंटच्या डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब टाकायचे, त्यांना बसवायचं, धीर द्यायचा, एवढं तिचं काम. मी त्याच्या जेवणाच्या टेबलावर बसून म्हटलं, मी येते.

"तुले इंग्रजी येते का, ताई?"

"थेंब टाकाले इंग्रजी कायले लागते? आईच्या डोळ्यात थेंब कोण टाकत होतं?"

"तू टाकत होती. अन् अर्धे तिच्या कानात जात होते."

पण तो हसला, म्हणजे मी गेले. मग त्याने नीमाबद्दल सांगितलं. अठ्ठावीस वर्षांची मुलगी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एवढ्या तरुणपणी क्वचित होतो, पण हिला झाला आणि दोनतीन वर्षांत उजेड-अंधार एवढंच उरलं. मागच्या वर्षी ती कॅम्पला आली तेव्हा तिला आठवा महिना लागला होता, म्हणून ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. प्रमोदने तिला शब्द दिला होता, पुढच्या वर्षी पहिला नंबर तुझा. आता तिची मुलगी दहा महिन्यांची झाली होती, आणि नीमाने तिला अजून पाहिलेलं नव्हतं. तिथली सिस्टर ॲग्नेस फोनवर सांगायची, नीमा रोज विचारते, ते लोक कधी येणार. मला माझ्या मुलीचा जन्म आठवला. मी तर तिचं नाक कोणावर गेलं यावरून दवाखान्यातच सासूबाईंशी वाद घातला होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. मायक्रोस्कोप आणि सामानाच्या पेट्या घेऊन सगळे दोन दिवस आधीच अमरावतीला आमच्या घरी मुक्कामाला आले. म्हणजे खंडेनवमीला. आता खंडेनवमीला घरात अवजारं येऊन पडली आहेत आणि त्यांची पूजा करायची नाही, हे माझ्याने कसं व्हावं? आमच्याकडे त्या दिवशी विळी, पान्हे, यांची स्कूटर, अगदी मिक्सरलासुद्धा हळदकुंकू लागतं. प्रमोद जेवून आडवा झाला तशी मी पेट्या उघडल्या. हत्यारांची बंद पाकिटं उघडायची नाहीत एवढी अक्कल मला होती. पण मायक्रोस्कोपच्या डोक्यावर मी पाच बोटं ओढली, फूल वाहिलं, आणि वाटेत तिची सोबत असावी म्हणून प्रत्येक पेटीच्या कोपऱ्यात वर्तमानपत्राच्या कागदाची एकेक पुडी खोचली. अर्धी हळद, अर्धं कुंकू. कुंकू घरचंच, मी दरवर्षी स्वतः करते. पूजा झाली, पेट्या बंद केल्या, आणि मला इतकं समाधान वाटलं की मी कोणाला काही सांगितलंच नाही.

टांझानियात उतरलो तेव्हा ऊन आमच्या अकोल्याची आठवण करून देणारं होतं. मला सगळंच आवडत होतं. लोक मला मामा म्हणत होते. तिथे मोठ्या बाईला मामा म्हणतात. भावाला काका आणि बहिणीला दादा म्हणतात हे कळल्यावर तर मी प्रमोदला म्हटलं, आता मी तुझी दादा, ऐकून राह्यजो. तेवढ्यात तपासणीच्या टेबलावर पहिली पेटी उघडली गेली.

त्या उंच, अतिशय सभ्य तरुण अधिकाऱ्याने चिमटीत पुडी उचलली. मग दुसरी पेटी, दुसरी पुडी. तिसऱ्या पेटीतली वाटेत फुटलेली होती. वैद्यकीय सामानाच्या प्रत्येक पेटीत, कोपऱ्यात लपवलेली, कागदात गुंडाळलेली पूड. प्रमोदचा चेहरा मी त्याच्या दहावीच्या निकालालाही असा पाहिला नव्हता. तो हळूच माझ्याकडे वळला.

"ताई. हे तू केलं?"

"पूजा केली फक्त."

अधिकाऱ्याने मला विचारलं, हे काय आहे? मी माझ्या सगळ्या इंग्रजीनिशी म्हटलं, कुंकू. ते काय करतं? म्हटलं, काही करत नाही, लावायचं असतं. कोणाला लावायचं असतं? मी मायक्रोस्कोपकडे बोट दाखवलं. त्यावर त्याने लिहिणं थांबवलं.

त्याचं काही चुकलं नाही. त्याच्या जागी मी असते तर मला आत टाकलं असतं. त्याने शांतपणे समजावलं की पूड तपासायला पाठवावी लागेल, तोवर पेट्या इथेच राहतील, आणि मधे सुट्टी आहे. म्हणजे आमचे चार दिवस संपणार आणि मग पेट्या सुटणार. तेवढ्यात सिस्टर ॲग्नेसचा फोन आला. तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. लोक सकाळपासून आले आहेत, नीमा बाळाला घेऊन पहिल्या बाकावर बसली आहे. प्रमोद तिला म्हणाला, येतो आम्ही, आणि फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला रागावला असता तर बरं झालं असतं.

मी सामानाच्या ढकलगाडीवर बसले. माझी प्रार्थना कशी असते ते सांगितलं पाहिजे. मी देवीला सूचना देते. आधी हे कर, मग ते कर, अमक्याला बुद्धी दे, तमक्याची बदली कर. ती माझी शिपाई असल्यासारखी मी तिला कामं नेमून देते. त्या दिवशीही मी सवयीने डोळे मिटले, पण एकही सूचना सुचेना. काय सांगू? कोणाकडे जा सांगू? इथे मला रस्ता माहीत नाही, भाषा माहीत नाही, आणि जो घोटाळा आहे तो तुझ्याच नावाने मी घातलेला. त्या पोरीचं तोंड तिची आई बघायची राहील ते माझ्यामुळे. मनात एवढंच आलं, बाई, मला काही समजून नाही राहिलं, तुझं तू पाह्य. तेवढं म्हटलं आणि रडू आलं. ते रडू मात्र वेगळं होतं, डोक्यावरची पाटी कोणी उतरवून घेतल्यावर येतं तसं.

डोळे उघडले तर टेबलाशी एक बाई उभी होती. केसांच्या बारीक वेण्या, नाकाच्या टोकावर चष्मा, अंगाने माझ्यासारखीच भरलेली. त्या तरुणाची वरिष्ठ. पाळी बदलली होती म्हणून ती आली होती, एवढंच. तिने पुडी उचलली, नाकाशी नेली, आणि तिचा चेहरा एकदम घरगुती झाला. "मंजानो?" तिने विचारलं. मला शब्द कळला नाही, पण ती ज्या तऱ्हेने हुंगत होती ती तऱ्हा कळली. स्वयंपाकघरातली बाई हळद हुंगते तशी. मी जोरजोरात मान हलवली. ठीक, ती म्हणाली, ही हळद. आणि हे लाल काय?

"हेच. हळदच आहे."

प्रमोदने डोळे मिटले. ती बाई चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाली, लाल हळद? मग दाखव.

दाखवायला चुना पाहिजे! हळदीत चुना कालवला की ती लाल होते, हे वऱ्हाडातली कुठलीही बाई सांगेल. पण परक्या देशात, विमानतळावर, चुना आणायचा कुठून? मी आमच्या लोकांकडे वळून ओरडले, "चुना! कोणाजवळ चुना आहे का?" सगळे माझ्याकडे बघत राहिले. आणि देवराव भाऊ खाली बघायला लागले.

देवराव भाऊ म्हणजे प्रमोदचे ऑपरेशन थिएटरातले जुने मदतनीस, चांदूर रेल्वेचे. तंबाखू सोडल्याची शपथ त्यांनी डॉक्टरांसमोर दोनदा घेतलेली. नागपूरला त्यांनी माझ्यासमोर तंबाखूची पुडी कचऱ्यात टाकली होती. आता त्यांनी अत्यंत अपराधी चेहऱ्याने बंडीच्या आतल्या खिशातून चुन्याची डबी काढली.

"तंबाखू टाकली होती, साहेब. हे राहून गेलं."

"देवराव भाऊ," प्रमोद म्हणाला, "तुमाले सगळं माफ. द्या लवकर."

मी तळहातावर हळद घेतली, नखाएवढा चुना, बाटलीतले दोन थेंब पाणी, आणि अंगठ्याने चोळलं. पिवळं होतं ते नारिंगी झालं, आणि बघता बघता लालभडक! तो तरुण अधिकारी "अय्!" करून पुढे वाकला. पलीकडच्या रांगेतली माणसं आली, सामान वाहणारे आले. त्या बाईने स्वतःचा तळहात पुढे केला, पुन्हा कर म्हणाली. मी केलं. तिच्या सावळ्या तळव्यावर लाल रंग उमलला आणि ती खदाखदा हसायला लागली. आणि मग माझ्या हातून ते झालं. समोर बाई, बोटाला कुंकू. हात सवयीने वर गेला आणि ड्यूटीवरच्या त्या अधिकारी बाईच्या कपाळाला मी बोट लावून मोकळी झाले. प्रमोद मला नंतर म्हणाला की त्या क्षणी त्याला आम्ही दोघं तुरुंगात दिसलो. पण ती बाई नुसती उभी राहिली. कपाळाला हात लावला नाही, पुसलं नाही. म्हणाली, पेट्या स्वच्छ पुसा आणि घेऊन जा. पूड मात्र इथेच राहील.

गाडीत बसल्यावर प्रमोदने पेट्या दोनदा मोजल्या. मग म्हणाला, "ताई, पुढच्या वर्षी तू माह्यासोबत येशीन. पण आंघोळ करून, रिकाम्या हातानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली नीमा. मी तिच्या डोळ्यात थेंब टाकले, एकही कानात गेला नाही. तिने माझं मनगट धरून ठेवलं होतं. मी मराठीत बोलत होते, ती तिच्या भाषेत, आणि आमचं व्यवस्थित चाललं होतं. सिस्टर ॲग्नेसने सहज सांगितलं की नीमा म्हणजे कृपा. मी मनात म्हटलं, बाई, आता इतकंही उघड करू नकोस, माझ्यासारखीलासुद्धा समजलं. ऑपरेशन झालं. रात्रभर तिच्या डोळ्यावर पट्टी होती आणि माझ्या डोळ्याला डोळा नव्हता.

पट्टी काढताना तिची सासू बाळाला घेऊन समोर बसली होती. प्रमोदने कापूस बाजूला केला, डोळा पुसला. नीमाने डोळे किलकिले केले. भिंत पाहिली, खिडकी पाहिली, प्रमोदचा हात पाहिला. मग समोर. ती त्या बाळाकडे बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना. आम्ही सगळे वाट बघत होतो. दिसत नाही की काय हिला? बाळही तिच्याकडे टकामका बघत होतं.

मग नीमाने डोळे मिटले. हात पुढे करून बाळाला घेतलं, त्याच्या टाळूवर नाक टेकवलं, खोल श्वास घेतला. कानाची पाळी चाचपली, मानेमागची घडी चाचपली, तळपाय मुठीत धरला. हीच, अशी तिची खात्री पटलेली मला दिसली. आणि मग, तिला घट्ट धरूनच, तिने पुन्हा डोळे उघडले. तेव्हा जे हसू आलं त्याबद्दल मी लिहू शकत नाही. बाळ दचकून रडायला लागलं, सासू रडायला लागली, देवराव भाऊ बाहेर निघून गेले, आणि मी, जिचं काम पेशंटला धीर देणं होतं, बाकावर बसून पदराने तोंड झाकून घेतलं.

मी आजवर देवळात जाऊन डोळे मिटत आले ते मागण्यांची यादी आठवावी म्हणून. नीमाने डोळे मिटले ते ओळख पटावी म्हणून. दहा महिने जिला अंधारात छातीशी धरलं, ती दिसायच्या कितीतरी आधीपासून तिची होती. त्या बाकावर बसून, पदराआड, मीही डोळे मिटले. मागायला काही नव्हतं. कुंकू नव्हतं, मूर्ती नव्हती, घंटा नव्हती, शेजारी एक अनोळखी बाळ जिवाच्या आकांताने रडत होतं. पण नागपूरला जिच्याबद्दल शंका आली होती, ती तिथे होती; तिचा हात मला ओळखू आला. मी तो तसाच, कितीतरी वेळ, धरून बसले.