टर्पेंटाइनचा शुक्रवार

मस्कतमधल्या वादी कबीरच्या आमच्या इमारतीत जिन्याचा कठडा रंगवायला घेतला की टर्पेंटाइनचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो. आज तो आला आणि हातातलं पत्रक अर्धवट ठेवून मी कुरुममधल्या त्या खोलीत जाऊन पोचले. मोठी खिडकी, बाहेर उन्हाने पांढरा पडलेला समुद्र, आणि एक म्हाताऱ्या पोलिश चित्रकार बाई. माझी शाळा नुकतीच संपली होती. बाई दर शुक्रवारी सकाळी बायकांना तैलरंग शिकवत. आई त्यांची विद्यार्थिनी आणि मी दुभाषी.

रंग कालवता कालवता त्या आपल्या देशातल्या, शंभर वर्षांपूर्वीच्या एका चित्रकर्तीविषयी बोलत. कलाशाळेचं दार मुलींना उघडावं म्हणून ती भांडली, बायकांना मतही नव्हतं तेव्हा निवडणुकीला उभी राहिली, आणि या सगळ्यात तिचा कुंचला बाजूला पडला. बाबांच्या मुंबईतल्या युनियनच्या पत्रकांवर मी वाचायला शिकलेली. मला तिचं भांडणच तेवढं दिसायचं. आईने मात्र विचारलं, "मग तिची चित्रं कोणी काढली?"

मी ते बाईंना सांगितलं. त्यांनी कुंचला पुसून ठेवला. "कोणीच नाही," म्हणाल्या.

आमच्या घरी सुट्टीचा शुक्रवार म्हणजे जेवण. बायकामुलं रत्नागिरीकडे ठेवून आलेले, बाबांच्या वर्कशॉपमधले सोबती दुपारी माशांवर ताव मारायला यायचे.

"क्लास सोड म्हणत नाही मी," पुढच्या शुक्रवारी बाबा आईला म्हणाले, "पण पोरं आठवडाभर हॉटेलचं खातात गं."

आवाजात राग नव्हता. मी त्यांचंच समतेवरचं जुनं पत्रक त्यांच्यापुढे धरलं.

"हे आम्ही मालकाला ऐकवायला छापलेलं," ते म्हणाले.

आई पिशवीत ब्रश भरत होती. "अहो, पोरांना लवकर बोलवा. म्हणावं, यल्ला, चला, कांदा चिरा. उजेड बदलायच्या आत पोचायचंय मला."

दुपारी परतलो तर सोबती गॅलरीत कांदे चिरत होते आणि बाबा सिंकपाशी पाठमोरे, सुरमई साफ करत उभे. आई खांद्यावरची पिशवी न उतरवता दारातच थांबली.

"हलू नका."

"अगं, वाटण करपतंय."

"करपू दे."

करपलंच. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्लं.

बाई मायदेशी गेल्या, सोबती पांगले. आईने रंगवलेली बाबांची ती पाठ, कोपरापर्यंत चमकणारे खवले, अजून आमच्या भिंतीवर आहेत. मी अजून पत्रकं लिहिते. पण जिन्यातून हा वास आला की त्या दूरच्या चित्रकर्तीने न काढलेली चित्रं कशी असती, असं मनात येतं, आणि मग बराच वेळ मी या एका चित्रापुढे उभी राहते.