मोठा मासा कुणाच्या ताटात

नदी आता इतकी नितळ झालीय की मला तिची भीतीच वाटते. वरच्या अंगाला कागदाचा कारखाना चालू होता तेव्हा फेस यायचा, लाकडाचा भुसा यायचा, वासानं जीव नकोसा व्हायचा. कारखाना बंद पडला आणि काही वर्षांत नदीनं ते सगळं पचवून टाकलं. सुटलो बाबा एकदाचे, असं आम्हाला वाटलं.

कारखान्यानं सोडलेला पारा मात्र तिला पचला नाही. तो गाळात बसला. गाळातून किड्यांत, किड्यांतून बारक्या माशांत, बारक्यांतून मोठ्यांत, आणि मोठ्यांत सगळ्यात जास्त. नदीचं पाणी तपासायला आलेली बाई सांगून गेली, लहान मासे खा, मोठे पाण्यात सोडा. तिला काय जातंय सांगायला! आमच्यात जाळ्यात आलेला मासा आपणहून आलेला असतो. त्याला परत सोडणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. आणि सगळ्यात मोठा मासा मानाचा. तो पोटुशीला, नाहीतर घरातल्या थोरल्याला.

माझ्या वहिनीची, फिलोमीनची, सून व्हर्ना तेव्हा पोटुशी होती. वहिनीनं बाईचं बोलणं हसण्यावारी नेलं आणि मोसमातला पहिला मोठा मासा व्हर्नाला वाढला. तेवढ्यात, वर्षानुवर्षं माशांच्या डोक्यांवर पोसलेली घरची मांजर अंगणात गोल गोल फिरायला लागली. थांबेचना. मग सरळ चालत नदीत गेली, पाय न मारता बुडाली. पाणी लगेच पुन्हा नितळ. व्हर्नाचा घास हातातच राहिला. वहिनीनं तिच्यापुढचं ताट ओढून घेतलं.

तेव्हापासून मोठा मासा वहिनीच खायला लागली. मी चिडलो. म्हटलं, फेकून द्या की तो.

"आलेला मासा फेकायचा कुठं, भाऊजी? थोरली मीच ना, मग मान माझाच. तुम्ही कशाला जळताय?"

हिवाळ्यापर्यंत तिच्या हातातला कप बशीवर वाजायला लागला.

नात झाली, गुटगुटीत. व्हर्ना म्हणाली, "आई, घ्या ना हिला."

"नको गं, इथूनच बघते."

मला राग आला. स्वतःची नात, आणि ही दारातच उभी! तेव्हा वहिनीनं शालीतून हात बाहेर काढले. ते हलत होते, कुणा दुसऱ्याचेच असल्यासारखे.

"भाऊजी, तुम्ही धरा तिला. माझ्याजवळ."

मी धरलं. पोरीनं आजीचं बोट मुठीत घट्ट पकडलं. मुठीतही ते बोट थरथरतच राहिलं.